न धुतलेला ओळंबा

मित्रांनो, मी एक जुना पितळी ओळंबा आहे. आपली हकिकत सांगताना आधी मोठेपणा सांगायचा आणि शेवटी हळूच एखादी चूक कबूल करायची, अशी रीत आहे. मी उलटं करणार आहे. जुन्नरातल्या एका घरात माझ्यामुळे एक भिंत चार बोटं वाकडी चढली, ऐन नाताळात ती उतरवावी लागली, आणि तिची बोलणी माझ्या मालकाने खाल्ली. मी मात्र त्याच्या मुठीत साळसूदपणे दडून राहिलो. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

माझा जन्म जुन्नरच्या एका तांबटाच्या भट्टीतला. इब्राहिम गवंड्याने मला मुद्दाम करवून घेतलं. अंग पितळेचं, पोटात शिसं, आकार भोवऱ्यासारखा. माझ्या दोरीत एक लाकडी ठोकळी ओवलेली असते. तिची रुंदी आणि माझ्या पोटाची जाडी अगदी सारखी. गवंडी ती ठोकळी वरच्या विटेला टेकवतो आणि मला खाली सोडतो. मी खालच्या विटेला नुसता शिवून उभा राहिलो की भिंत सरळ. तिच्यावर रेललो किंवा तिच्यापासून लांब राहिलो की भिंत वाकडी. एवढंच माझं शिक्षण, पण त्याच्या जोरावर मी किती मिरवलो म्हणून सांगू!

इब्राहिम रोज संध्याकाळी काम संपलं की मला स्वतः धुवायचा आणि तेलाच्या बोटाने पुसायचा. राजुरीच्या पाटलांची कोठी, बाजारातली दुकानं, दोन मोठ्या विहिरींची तोंडं, सगळी माझ्या साक्षीने उभी राहिली. कोणी शंका काढली की इब्राहिम म्हणायचा, "मानूस खोटं बोलंल, वळंबा न्हाई बोलायचा." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की मला ते माझं नावच वाटू लागलं. शेजारच्या थापीला आणि काटकोन पाहणाऱ्या गुण्याला मी चुनखडीतले मजूर समजत असे.

इब्राहिम थकला तेव्हा त्याने मला आपल्या मुलाच्या, बदरुद्दीनच्या हाती दिलं आणि बजावलं, "ह्याला दुसऱ्याचा हात लागू देऊ नकोस." त्याच्या मनात एवढंच होतं, की परक्या हातून मी पडेन आणि मला पोचा येईल. बदरुद्दीनने मात्र त्या शब्दाचं सोवळं केलं. तो सोडून मला कोणी शिवायचं नाही. मला ते फार आवडलं. ज्याला कोणी हात लावत नाही तो मोठा, अशी माझी समजूत झाली.

आता त्या घराकडे येतो. साल एकोणीसशे तीन. जुन्नरात सावळेराम मास्तर म्हणून एक ख्रिस्ती गृहस्थ राहत. मिशनच्या शाळेत ते शिकवत. नऊ वर्षांपूर्वी ते आणि त्यांची बायको सरूबाई ख्रिस्ती झाले, आणि त्या दिवसापासून सरूबाईचं माहेर तुटलं. माहेर होतं महाळुंगे पडवळला. आई गोजरबाई आणि भाऊ कुंडलिक. नऊ वर्षांत आईने लेकीच्या घराचा उंबरा पाहिला नव्हता. सहा वर्षांची नात होती, तिचं तोंडही पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर कुंडलिक बाजाराला आला आणि मास्तरांच्या दारात उभ्यानेच बोलून गेला. "आय म्हनती, एकडाव लेकीला बघायचं हाय. तुमच्या नाताळाला आनतो. पर तिला येगळी खोली पायजे. येगळं दार, येगळी चूल. मधी भितं पायजे, पार आढ्यापातुर. तुमच्या चुलीचा धूरबी तिकडं जाता कामा नये. न्हाईतर गावात आमाला कुनी पानी देनार न्हाई."

एवढं ऐकून सरूबाई आत गेली आणि पदरात तोंड घालून रडली. पण ते रडणं आनंदाचं होतं. दुसऱ्याच दिवशी बदरुद्दीनला बोलावणं गेलं.

घर लहानच होतं. लांबट माजघर मधोमध भिंत घालून दोन करायचं, पलीकडच्या भागाला अंगणात उघडणारं दार पाडायचं आणि तिथे नवी चूल घालायची, असं ठरलं. डिसेंबर लागता लागता काम सुरू झालं आणि त्या कुटुंबाच्या संसाराची दैना उडाली. भांडी अंगणात, अंथरुणं पडवीत, मास्तरांची पुस्तकं धान्याच्या कणगीवर. सरूबाई कडुनिंबाखाली तीन दगड मांडून स्वयंपाक करी. नाताळच्या करंज्यांचं पीठ चाळायला घ्यावं तर आधी त्यावरची विटेची भुकटी चाळावी लागे. कोंबडीने एकदा चुन्याच्या घमेल्यात अंडं घातलं, ते मास्तरांनी चुनखडीचा गोळा समजून बाजूला ठेवलं. तरी घरात कोणी त्रासलेलं नव्हतं. मुलगी जुन्नरी कागदाच्या पताका कातरत बसे आणि दर घटकेला विचारी, "आजी येनार तवा भिंत झाल्याली आसंल ना?"

"अगं, आजी येणार म्हणूनच ती बांधतोय," मास्तर म्हणत. म्हणताना त्यांचा आवाज जरासा पडे. आजी यावी म्हणून तिच्या आणि लेकीच्या मध्ये भिंत घालायची, हे त्या भल्या माणसाला कुठे तरी टोचत असावं. मला काही टोचलं नाही. भिंत कशासाठी बांधतात हे मी कधी विचारलंच नव्हतं.

त्या साली रमजान त्याच महिन्यात आला होता. बदरुद्दीन रोजे धरून काम करायचा. तोंडात पाण्याचा थेंब नाही, पण हात दिवसभर थांबत नसे. पहिले काही दिवस तो दिवस कलला की काम थांबवायचा, हत्यारं धुवायचा, मला पुसायचा आणि रोजा सोडायला घरी जायचा. भिंत कमरेएवढी चढली ती अशी, आणि अगदी सुतात चढली. पुढे मात्र दिवस कमी पडू लागले. नाताळ जवळ येत होता. बदरुद्दीन उजेड असेपर्यंत विटा लावी आणि मग पार बाजारापलीकडच्या घरी धावत सुटे.

सरूबाईला ते बघवेना. एका संध्याकाळी ती म्हणाली, "बदरुभाऊ, तुमी जावा बिगीनं. घरी बिबिजानभाबी वाट बघत आसंल. हत्यारं म्या धुते."

बदरुद्दीन गहिवरला. "लई उपकार व्हतील, वैनी. थापी धुवा, घमेली धुवा, समदं धुवा. फकस्त त्या वळंब्याला हात लावू नका. तो माझ्या बापाचा हाय. त्याला म्या बघतो."

"न्हाई लावायची," सरूबाई म्हणाली. तिला हे शब्द नवे नव्हते. नऊ वर्षांत ते तिला अनेकांनी ऐकवले होते. तिने हसून मान डोलावली आणि थापी घेऊन विहिरीकडे गेली. तिच्या हाताला कोणी तरी 'शिवू नको' म्हटलं, आणि त्याचा मला अभिमान वाटला. मित्रांनो, वाकड्या भिंतीइतकीच या अभिमानाचीही मला लाज वाटते.

'त्याला म्या बघतो' असं म्हणणारा बदरुद्दीन घाईत रोज विसरत गेला. थापीतून उडालेले चुन्याचे बारीक शिंतोडे माझ्या पोटावर पडत आणि रात्रीतून वाळत. पहिल्या दिवशी पापुद्रा, दुसऱ्या दिवशी पापुद्र्यावर पापुद्रा. चार-पाच दिवसांत माझं पोट ठोकळीपेक्षा तांदळाच्या दाण्याएवढं जाड झालं. थापी लखलखत होती, गुण्या लखलखत होता. त्यांच्यापुढे मी पांढराफटक दिसत होतो, तरी मला वाटलं की हा थर म्हणजे थोरपणाची खूण.

भिंत उंच गेली तशी बदरुद्दीनने बांबूची परांची बांधली. तिच्यावर बसून तो मला सोडायचा, तेव्हा मी खालपर्यंत पोहोचत नसे. परांचीच्या फळ्या आड यायच्या. मग कालच्या थरावरून आजचा थर बघायचा, आजच्यावरून उद्याचा. माझ्या जाड पोटामुळे दोरी भिंतीपासून लांब राही आणि वरची वीट ठोकळीला टेकवण्यासाठी बदरुद्दीन ती जराशी पुढे घेई. दर थराला दाणा दाणा असं करत ती भिंत सरूबाईच्या बाजूला कलत गेली. मी खालच्या विटेला नेमाने शिवत होतो आणि बदरुद्दीन समाधानाने मान हलवत होता.

नाताळच्या चार दिवस आधी ईद झाली. त्या दिवशी काम बंद होतं. बिबिजानने मास्तरांकडे शिरखुर्मा पाठवला, तो घरातल्या सगळ्यांनी अंगणात बसून मिटक्या मारीत खाल्ला. भिंत आढ्याला लागली होती, परांची काढली होती, आता फक्त गिलावा राहिला होता. मुलीला धीर धरवेना. तिने कागदाचा कंदील केला होता. वाऱ्याने हलू नये म्हणून त्यात एक खडा टाकला आणि बापाला नवीन भिंतीजवळच्या वाशाला तो लांब दोरीने टांगायला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बदरुद्दीन नवा सदरा घालून, हसतमुखाने आला आणि उंबऱ्यातच थबकला. कंदिलाची दोरी वर भिंतीला घासत होती. खाली मात्र कंदील भिंतीपासून चांगला चार बोटं लांब होता. खडा घातलेला, पोरीने खळीने चिकटवलेला कंदील खरं सांगत होता. पितळेचा, शिसं भरलेला, तांबटाने घडवलेला मी खोटा ठरलो होतो.

बदरुद्दीनने मला खुंटीवरून काढलं आणि माझ्या पोटावर नख ओढलं. चुन्याचा पापुद्रा खाली पडला. त्याने मला मुठीत झाकून घेतलं आणि मास्तरांना हाक मारली.

"मास्तर, भितं उतरवाया लागंल. कलल्याली हाय. आंगावर यील कुनाच्या तरी."

मास्तर भिंतीकडे वळले. "मिस्त्री, परवा मंडळी येणार. आता उतरवली तर पुन्हा बांधणार कधी?"

"न्हाई व्हायची. चुना धरायलाच आठ दिस जातील."

विटा पुरवणारा हौशीराम तिथे विटा मोजायला आला होता. तो शहाणपणाने म्हणाला, "रोजं धरून, उपाशीपोटी परांचीवर बसल्यावर दुसरं काय व्हनार, राव!"

बदरुद्दीनचा चेहरा पडला. महिनाभर तहान मारून पाळलेला रोजा, त्यालाच बोल लागला होता. खरं कारण त्याच्या मुठीत होतं. मूठ उघडून दाखवली असती तर रोज्यावरचा आरोप टळला असता. पण मग सरूबाईला कळलं असतं की तिला हात लावू दिला असता तर भिंत सरळ झाली असती. तो एवढंच म्हणाला, "रोज्याला नावं ठिवू नका, हौशीरामभाऊ. डोळा माझा चुकला." मी त्या मुठीत होतो. मला तोंड असतं तरी मी ते उघडलं असतं की नाही, याची मला आजही खात्री नाही.

दोन दिवस भिंत उतरत होती. कमरेएवढी सरळ होती तिथे थांबली. सरूबाईने विटा अंगणात वाहिल्या. आई आता दारातून परत जाणार, हे तिने मनाशी धरून ठेवलं होतं. निरोप पाठवावा तर आई निघणारच नाही, म्हणून तोही तिला धाडवेना. चोवीस तारखेला दुपारी केळीचे खांब दाराला बांधले, पताका लागल्या, करंज्या तळून झाल्या, आणि घरात सुतक असल्यासारखी शांतता होती.

दिवस मावळायच्या आत गाडी आली. कुंडलिक नव्या दाराने आत डोकावला आणि तिथूनच ओरडला, "हे काय, दाजी? आढ्यापातुर भितं बोललं व्हतं ना? हितनं तर ही तुमची चूल दिसती! आये, उतरू नगंस. माघारी जायाचं."

गोजरबाई तोवर उतरलीही होती. म्हातारी दारात आली. कमरेएवढ्या भिंतीपलीकडे सरूबाई उभी होती. हात पिठाने भरलेले, मान खाली. बदरुद्दीन कोपऱ्यात उभा होता. स्वतःहून सांगायला आला होता की चूक या घराची नाही. तो पुढे होऊन म्हणाला, "आजी, माझ्या हातनं भितं बिघडली. ह्यांचा काई दोस न्हाई."

गोजरबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती लेकीकडेच बघत होती. मग म्हणाली, "कुंडलिका, बैलं सोड. बैलांनी काय पाप क्येलंया? धा कोस चालून आल्यात."

बैल सुटले. म्हातारी नव्या खोलीत बसली, चुलीत काटक्या रचल्या आणि जरा वेळाने भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "सरे, इस्तू दे जरा."

कुंडलिक लगबगीने म्हणाला, "आये, आगपेटी हाय की माज्यापाशी."

"ती ऱ्हाऊ दे तुज्या चिलमीला."

सरूबाईने आपल्या चुलीतली पेटती गोवरी कौलाच्या तुकड्यावर घेतली आणि भिंतीवरून पुढे केली. घाईत थोडी राख विटांवर सांडली. आईने कौल घेतलं, पण लगेच मागे सरली नाही. "किती वाळलीस गं," म्हणाली. नात सरूबाईच्या पदराआडून बघत होती. तिला म्हातारीने त्या भिंतीवर बसवलं आणि आपल्या बाजूने तिची वेणी सोडून पुन्हा घातली.

नाताळच्या सकाळी टाळ-मृदंगावर भजनं झाली. गोजरबाईने आपली भाकरी आपल्या चुलीवर केली, लेकीची करंजी काही खाल्ली नाही. पण तीन दिवस मायलेकी त्या भिंतीला दोन बाजूंनी टेकून बोलत राहिल्या. निघताना म्हातारी बदरुद्दीनला म्हणाली, "मिस्त्री, ही भितं आता वाढवू नगा. लई बेस झालीया. म्होरल्या सालाला मी हिच्यापायीच यीन."

झालं! जुन्नरात बदरुद्दीनचं नाव झालं. मिस्त्रीने मुद्दामच भिंत अर्धी ठेवली, केवढं डोकं, असं लोक बोलू लागले. हौशीरामही त्यात सामील झाला. मास्तरांनी एक नवं पागोटं आणलं आणि बदरुद्दीनच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. तो मागे सरला.

"न्हाई मास्तर. बिघडल्याल्या कामाचं पागोटं डोस्क्यावर कसं घिऊ?" आणि मग त्याने मला खिशातून काढून सरूबाईपुढे धरलं. चुना अजून तसाच होता. "वैनी, डोळा न्हाई चुकला. ह्यो मळला व्हता. तुमी धुते म्हनला व्हता, म्याच हात लावू नगा म्हनलं. तुमच्या आईचं भलं झालं ते आल्लाच्या मर्जीनं. आमच्या हातनं फकस्त चूक झाली."

सरूबाई माझ्याकडे बघत होती. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिच्या नजरेत राग नव्हता. आपल्यासारखंच 'हात लावू नका' म्हणून बाजूला ठेवलेलं काही तरी दिसावं तशी ती बघत होती.

मित्रांनो, त्याला आता बरीच वर्षं झाली. बदरुद्दीन गेला. ती भिंत आहे, आणि तिचं कौतुक अजून चालू आहे. लोक ती दाखवायला पाहुण्यांना नेतात. कौतुक कानावर आलं की मी आणखी खाली मान घालतो, कारण चुकीतून कोणाचं बरं झालं म्हणून चूक बरोबर ठरत नाही. त्या तीन दिवसांचं पुण्य त्या मायलेकींचं. त्यात माझा वाटा म्हणाल तर पोटावरचा चुना.

तुमच्याही घरी अशी एखादी वस्तू असेल, किंवा असं एखादं माणूसही असेल, ज्याला मान म्हणून कोणी हात लावत नाही. त्याला मळ चढला तर त्याला स्वतःला ते कळत नाही. तो शिवतो आहे, सरळ उभा आहे, असंच त्याला वाटत राहतं. म्हणून माझी एवढीच विनवणी आहे. काम संपलं की मला धुवा. कितीही घाई असली तरी धुवा, आणि जो हात मोकळा असेल त्या हाताने धुवा.